काळ्या कानातला आकडा

कुत्र्याला धरायचं काम सुनेचं आणि कुत्र्याला शिव्या द्यायचं काम सासऱ्यांचं, अशी त्या अंगणात कामाची वाटणी होती. चाळीस वर्षं मेंढ्यांच्या कानांत आकडे गोंदून सासऱ्यांची बोटं काळी-हिरवी झाली होती. साबणाने धुतली काय नि राखेने घासली काय, रंग तसाच. गाव त्यांना कानवाले म्हणे, सून मामंजी म्हणे. मेंढ्या काय म्हणत असतील ते विचारायची सोय नव्हती.

यंदा मेंढ्यांपेक्षा कुत्रीच जास्त आली. दोन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता. माळ बोडका पडला, विहिरी तळाला गेल्या, तेव्हा लोकांनी पहिली काटकसर कुत्र्यांच्या भाकरीत केली. कुत्र्यांनी मग आपली सोय आपणच पाहिली. एका महिन्यात सव्वीस कोकरं फाडली. त्यावर कचेरीने हुकूम काढला. प्रत्येक कुत्र्याच्या अंगावर कायमची खूण हवी. एक तर जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन मानेच्या कातडीखाली तांदळाएवढा दाणा टोचून घ्यायचा. त्या दाण्यावर यंत्र फिरवलं की आकडा उमटतो आणि आकड्यावरून मालक सापडतो. नाहीतर कानवाल्यांकडून कानात आकडा गोंदून घ्यायचा. बिनखुणेचं कुत्रं सापडलं तर तीन दिवस कोंडवाडा आणि येईल त्या गुरुवारी मरणाची सुई. वर मालकाला वर्षभर दुसरं कुत्रं पाळायला बंदी.

दाण्यावर लोकांचा विश्वास बसेना. जी खूण मालकालाच दिसत नाही ती परक्याला काय दिसणार, असा त्यांचा हिशेब. म्हणून मामंजींच्या अंगणात रांग लागली आणि मामंजी दहा वर्षांनी तरुण दिसू लागले.

मुदत संपायला चार दिवस असताना पाथरवट आपल्या काळ्या कुत्रीला घेऊन आला. तो डोंगरातल्या दगडाच्या खाणीवर होता. एकोणीस वर्षांपूर्वी एक सुरुंग वेळेआधी उडाला, तेव्हा त्याचे दोन्ही कान गेले. तेव्हापासून समोरचा माणूस पलीकडच्या टेकडीवर उभा आहे अशा आवाजात तो बोले.

"आकडा मोठा घाला!" तो ओरडला. "मला आकडे वाचता येतात!"

"ओरडू नकोस रे बाबा, कुत्री बहिरी नाही," मामंजी म्हणाले.

पाथरवट हसला. ऐकू न आलेल्या प्रत्येक गोष्टीला तो थोडं हसून घेई. न जाणो, विनोद असला तर.

सुनेने कुत्रीला दोन गुडघ्यांत धरलं. तेवढ्यात खाणीवरचा दुपारचा, सुरुंग उडवण्याआधीचा भोंगा झाला. तिथून तो चिलटाएवढाच ऐकू येई. पण कुत्रीने मान ताणली, पाथरवटाची बाही दातांत धरली आणि मागे ओढायला लागली. गुरगुरली नाही, चावली नाही. जड पोतं ओढावं तशी ओढत राहिली.

"झाला ना भोंगा?" पाथरवटाने विचारलं. सुनेने मान हलवली. "बघा! सुट्टीच्या दिवशीसुद्धा ओढते! अक्कल नाही तिला!" हे शेवटचं वाक्य तो असं म्हणाला की जसं दुसरा एखादा पोराचा पहिला नंबर सांगेल. "दोन वर्षं शिकवलं! हिच्यामुळे मुकादम मला सुरुंगाजवळ उभं राहू देतो!"

मामंजींनी हिरव्या शाईची बाटली उलटी केली. बाटलीला ती गोष्ट नवी नव्हती, आठवड्यापासून ते तिला उलटीच करत होते. आज तिच्यातून थेंबही आला नाही. त्यांनी काळी बाटली उघडली.

"मामंजी, कान काळा आहे," सून म्हणाली.

काळ्या कानाला हिरवी शाई, हे मामंजींनीच तिला लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. गेल्या आठवड्याभरात मात्र त्यांनी अठरा काळे कान काळ्या शाईने उरकले होते. हा एकोणिसावा.

"मग? मला दिसत नाही का?"

"हिरवी आली की..."

"हिरवी यायला महिना लागेल. मुदत संपतेय चार दिवसांत. तोवर हिला काय फडताळात ठेवू? शाई म्हणजे शाई. धर नीट."

सुयांचे आकडे त्यांनी चिमट्यात बसवले. एक, चार, सात. आधी जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांवर चिमटा दाबून पाहायचा, हा त्यांचा नेम. आकडा उलटा तर पडला नाही ना, ते पुठ्ठ्यावर कळतं. कानावर कळून उपयोग नसतो. एक तुकडा वहीत चिकटायचा, एक मालकाच्या हाती जायचा. मग त्यांनी कुत्रीचा कान चिमट्यात घेतला आणि मूठ आवळली. कुत्री किंचाळली. पाथरवटाला ऐकू आलं नाही, पण त्याने स्वतःचाच कान धरला. मामंजींनी अंगठ्याने शाई चोळून आत घातली. सुनेने ओल्या फडक्याने कान पुसला आणि पाहिलं. काहीच नव्हतं. काळ्यात काळं गेलं होतं.

तिने घरातून बॅटरी आणली आणि कानामागे धरून लावली. कान निखाऱ्यासारखा लाल झाला आणि त्यात बारीक ठिपक्यांचा एकशे सत्तेचाळीस उभा राहिला.

"आलं की नाही?" मामंजी म्हणाले.

"बॅटरी धरली तर आलं."

"मग धरायची. कोंडवाड्यावर तपासायला दुसरं कोण बसलंय? तूच ना?"

हे खरं होतं. कोंडवाड्याची राखण तिच्याकडेच होती. गोंदणारे घरचे, तपासणारी घरची, मग अडणार कुठे? तिलाही ते पटलं. इतकं पटलं की तिने वहीत शाईचा रंग लिहायच्या रकान्यात काही लिहिलंच नाही.

कोंडवाडा गावाच्या खालच्या अंगाला होता. पूर्वी तिथे लोकांच्या पिकात शिरलेली गुरं कोंडत. पिकं गेली, गुरं विकली गेली आणि गव्हाणींच्या जागी पिंजरे आले. सून सकाळी अंगावर कचेरीचा खाकी सदरा चढवी, पिंजऱ्यांतलं घाण पाणी फेकी, नवं मोजून ओती. एका कुत्र्याला दोन भांडी पाणी, असा हुकूम होता. तिच्या घरात माणशी पाच भांडी होतं, म्हणजे कुत्र्याहून तिची पत अडीच पट. ती हे नवऱ्याला हसत सांगे. नवरा हसत नसे. तो दुसऱ्याच्या मेंढ्या राखायचा आणि फाडलेल्या सव्वीस कोकरांपैकी सात त्याच्या राखणीतली होती.

"दाणा टोचा, कान गोंदा, नाहीतर शेपटीला घंटा बांधा," तो म्हणे. "कोकरू फाडताना ते काय आकडा दाखवून फाडतात?"

मुदत संपून पाच महिने झाले होते. सोमवारी पकडगाडीने नऊ कुत्री आणून टाकली. त्यांत एक कुत्री राखाडी दिसत होती. अंगावर दगडाच्या भुकटीचा चिखल वाळून बसला होता, एक डोळा काठीच्या फटक्याने सुजून बंद झालेला, गळ्यात दोरीचा तुटका तुकडा. पाण्याच्या वासाने कुणाच्या तरी हौदापर्यंत गेली आणि सापडली, असं गाडीवाला म्हणाला. सुनेने मानेवर यंत्र फिरवलं. यंत्र गप्प. खांद्यावर, पायांवर फिरवलं, कारण दाणा कधी कधी सरकून खाली उतरतो. गप्प. कान उलटून पाहिला. आत गोचिडी आणि काळं कातडं.

बॅटरीने पाहायला हवं, हे तिच्या मनात आलं. आलं नाही असं नाही. कचेरीच्या बॅटरीतले सेल महिनाभरापासून संपलेले होते, दोनदा तोंडी मागून झाले होते. घरची बॅटरी उद्या आणू, असं तिने ठरवलं. मंगळवारी मामंजींना ती कुठे ठेवली ते आठवेना. हल्ली भर दिवसा शिवणाच्या सुईत दोरा ओवायलाही ते बॅटरी लावत. बुधवारी पाण्याचा टँकर आला आणि अर्धा दिवस रांगेत गेला. गुरुवारी सुईवाला आला.

सुईवाला वाईट माणूस नव्हता. त्याला संध्याकाळपर्यंत आणखी दोन कोंडवाडे उरकायचे होते, एवढंच.

"किती?"

"नऊ आली. तिघांत दाणा निघाला, मालक घेऊन गेले. एकाच्या कानात आकडा निघाला, तोही गेला. उरली पाच."

"सही करून ठेवा म्हणजे मी सुरू करतो."

ती पिंजरा उघडत होती तेव्हा दुपारचा भोंगा झाला. खाण कोंडवाड्यापासून लांब, आवाज येतो न येतो असा. राखाडी कुत्री धडपडत उठली आणि तिने सुनेच्या सदऱ्याची बाही दातांत धरली. एका डोळ्याने तिच्याकडे बघत मागे ओढायला लागली. पिंजऱ्यात मागे भिंतच होती, तरी ओढत राहिली.

"चावली का?" सुईवाल्याने लांबून विचारलं.

"नाही. नुसतं धरलंय."

"आज धरते ती उद्या चावते. हिला आधी घेऊ."

सुनेने हात झटकून बाही सोडवली. तक्त्यात लिहिलं: कुत्री, राखाडी, एक डोळा बंद. खूण नाही. सही.

शुक्रवारी सकाळी पाथरवट आला. हातात पुठ्ठ्याचा तुकडा होता.

"माझी काळी आलीय का इथे?" तो ओरडला. पिंजऱ्यांतली कुत्री भुंकायला लागली. "ताप आला होता मला! चार दिवस पडून होतो! दोरी तोडून गेली! एकशे सत्तेचाळीस!"

सुनेने हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. ठेवताना सांडलं नाही. अशा वेळी माणूस पाणीसुद्धा सांडत नाही. तिने आपल्या बाहीकडे पाहिलं. चार बारीक भोकं होती.

पाथरवटाने तिचा चेहरा पाहिला. ऐकू न येणाऱ्या माणसाला चेहरे लवकर ऐकू येतात. तो कोंडवाड्यामागच्या खड्ड्याकडे चालायला लागला. ती मागून गेली.

खड्ड्यावर चुना टाकलेला होता. कालची वरच होती. तो उतरला आणि चुना हाताने सारू लागला. ती "हातांना लागेल" म्हणाली, पण ते त्याच्या पाठीला म्हणाली. त्याने कुत्रीला ओढून कडेला घेतलं. मानेवरचा चिखल खरवडला, खाली काळं निघालं. मग त्याने एका हाताचा अंगठा पुठ्ठ्यावर ठेवला आणि दुसऱ्या हाताचा कुत्रीच्या कानात, आणि दोन्ही अंगठे एकाच वेळी फिरवले. सावकाश. आयुष्यभर दगडाची शीर चाचपून छिन्नी कुठे बसवायची ते ठरवणारे अंगठे होते ते.

"इथे," तो म्हणाला. पहिल्यांदाच हळू म्हणाला. "या. हात आणा."

त्याने तिचा अंगठा धरून कानात दाबला. कान गोंदल्यावर पिकला असणार आणि भरताना बारीक फोड राहिले असणार. बाजरीच्या दाण्यांसारखे लागले. एक. चार. सात. बॅटरी लागली नसती. यंत्र लागलं नसतं. नुसतं बोट पुरलं असतं.

कारकून कोंडवाड्याच्या पुढच्या खोलीत बसे. त्याचं नाक नाजूक होतं, खड्ड्याकडे तो यायचा नाही. त्याने पुठ्ठा उलटापालटा करून पाहिला.

"पुठ्ठा ठीक आहे. पुठ्ठ्याला सुई टोचलेली नाही, कुत्र्याला टोचलीय. तक्त्यात खूण नाही असं लिहिलंय." तो सुनेकडे वळला. "सही तुमची. सांगा, होती का खूण?"

पाथरवट तिच्या ओठांकडे बघत होता.

"मला दिसली नाही," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. खोट्याच्या भिंतीला भिंत लावून राहणारं होतं.

पाथरवटाने वाक्यातलं 'नाही' तेवढं ओळखलं. तो शब्द त्याने आजवर पुष्कळ ओठांवर पाहिला होता. यावेळी तो हसला नाही. कारकुनाने शिक्का मारला: बिनखुणेचं कुत्रं पाळल्याबद्दल वर्षभर बंदी. कागद पुठ्ठ्याला टाचून त्याच्या हातात दिला. त्याचे हात चुन्याने भाजून लाल झाले होते. त्याने तो दोन बोटांत धरला.

दुपारी तिने घरी सांगितलं. मामंजी ओट्यावर चिमट्याला तेल देत होते. नवरा मेंढ्या सावलीला बसवून भाकरीसाठी आला होता.

"मेली ना? मग संपलं," नवरा म्हणाला. "तू बोललीस तर काय कुत्री उठून बसणारेय?"

"त्याची बंदी उठेल. त्याला दुसरी शिकवता येईल."

"आणि इकडे?" मामंजींनी चिमटा खाली ठेवला. "काळ्या कानात काळी शाई घातली, हे एकदा कचेरीत गेलं की माझी वही रद्द. वही रद्द झाली की त्रेसष्ट कुत्री एका झटक्यात बिनखुणेची. गुरुवारी सुईवाल्याला जेवायलासुद्धा वेळ मिळणार नाही. एका मेलेल्या कुत्रीसाठी त्रेसष्ट जिती? हिशेब कर. शाळा शिकलीयस."

हिशेब बरोबर होता, हीच त्यातली खोट होती. तिने वही काढली. एकेक पान उलटत काळ्या कानांच्या नावांखाली रेघ ओढली. एकोणीस रेघा झाल्या. एक तिने खोडली.

"अठरा उरतात," ती म्हणाली. "दुसऱ्या कानात हिरव्या शाईने तोच आकडा पुन्हा घालायचा. गुरुवारच्या आत. मग मी लिहून देते. तपासायला आले तर सगळे आकडे दिसतील आणि वही टिकेल."

"आणि तुझं काम?" नवऱ्याने विचारलं.

तिने वही मिटली.

"त्या पाथरवटाला खाणीवर घेत नाहीत म्हणे," नवरा ताटाकडे बघत म्हणाला. "कोंडवाड्यातून निघाला तो थेट फाटकाशी जाऊन बसलाय. मुकादम म्हणतो, भोंगा कळत नाही त्याला सुरुंगाजवळ कसा उभा करू."

म्हणजे चार-पाच दिवस त्याने फाटकाशी बसायचं आणि तेवढ्यात अठरा कान व्हायचे. तिने तो हिशेबही केला. केला, आणि मान्य केला.

ती गेली तेव्हा डॉक्टर दाणे टोचायच्या सुया उकळत होता.

"हिरवी शाई? आहे एक बाटली. किती हवी?"

"अठरा कानांना पुरेल एवढी."

डॉक्टरने चिमटा उकळत्या पाण्यातच राहू दिला. "अठराच का?"

"अठराच आहेत."

त्याने बाटली काढून दिली. "कुणी काही लिहून दिलं तर मला तपासायला यावं लागेल, बाई. मी बुधवारी येऊ शकतो. त्याआधी मला वेळ नाही." आणि पाठमोरा होऊन पुन्हा सुया मोजू लागला.

शनिवार ते मंगळवार सासरा-सून दारोदार फिरली. पुढे ती, खांद्यावर चिमट्याची पेटी. मागे मामंजी, काठीने धोंडे चाचपत. इतकी वर्षं कान त्यांच्या दारी चालत येत होते. आता ते कानांच्या दारी जात होते, आणि का जात होते ते सांगायची सोय नव्हती. "पुन्हा तपासणी आहे," एवढंच ती म्हणे.

"आधी काळं घातलंत, आता हिरवं," गवळण म्हणाली. "पुढच्या खेपेला सोनेरी आणा, सणासुदीला बरं दिसेल."

न्हावी दारातून हलेना. "कानवाले, चूक झाली असं म्हणा, मी कुत्रं धरून देतो."

मामंजींचा चेहरा दगडासारखा झाला. सून घाईने म्हणाली, "अहो भाऊ, चूक कसली, शाईच तशी आली."

"मी त्यांना विचारलं."

ऊन डोक्यावर होतं. कुत्रं साखळीला हिसके देत होतं. मामंजींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "झाली," ते म्हणाले. चाळीस वर्षांत कुणी त्यांच्या तोंडून ऐकलेला शब्द नव्हता तो. न्हाव्यालाच कसंनुसं झालं. त्याने कुत्रं धरलं आणि प्यायला पाणी विचारलं, पण ते मामंजींनी घेतलं नाही.

शिंपिणीने तेवढं हसवलं. "आमच्या ह्यांच्याही कानात एक आकडा घाला. हेही भाकरीच्या वेळेला सापडत नाहीत." हसू सुनेच्या ओठांपर्यंत आलं आणि तिला फाटकाशी बसलेला माणूस आठवला.

मंगळवारी दुपारी सतरा झाले. अठरावं कुत्रं विहीर खोदणाऱ्याचं. कान काळा, केस दाट. मामंजींनी चिमट्यात आकडे बसवले, पुठ्ठ्यावर दाबले आणि पुठ्ठा उन्हाकडे धरला. बराच वेळ धरला.

"किती आहे?" त्यांनी विचारलं.

"एकशे छत्तीस हवा. एकशे एकोणचाळीस पडलाय. सहा उलटा बसलाय."

सुटे आकडे त्यांनी तळहातावर ओतले, बोटांनी चाचपले, एकमेकांत मिसळले. मग चिमटा तिच्यापुढे धरला.

"तू दाब."

"मामंजी, तुम्ही सांगा, मी बसवते आणि तुम्ही..."

"दाब म्हणतो ना! आकडा दिसत नाही त्याने कान धरावा. धरतो मी."

म्हणून अठरावा आकडा तिने घातला आणि कुत्र्याला शिव्या द्यायचं काम त्या दिवशी कुणीच केलं नाही.

बुधवारी सकाळी डॉक्टरने वही घेऊन काळे कान पाहिले. अठरा हिरवे आकडे, वाचता येणारे. मग ती कारकुनासमोर उभी राहिली आणि सांगितलं. एकशे सत्तेचाळीस गोंदलेला होता. काळ्या शाईने होता. बॅटरी न लावता सही केली. खूण होती हे शुक्रवारीच हाताला लागलं होतं, तरी बोलले नाही.

कारकुनाने लेखणी खाली ठेवली. "हे लिहून देऊन तुम्हाला मिळणार काय?"

"त्याची बंदी उठते ना?"

"उठते."

"मग लिहा."

त्याने लिहिलं. वही त्रेसष्टवर बंद झाली, म्हणजे होती ती कुत्री राहिली, नवा आकडा गोंदायचा नाही. चिमटा कचेरीत जमा. कोंडवाड्याची राखण आजपासून दुसऱ्याकडे. सदरा परत करायचा. तिने तो तिथेच काढून घडी घातला.

"बाही फाटलीय," कारकून म्हणाला.

"चार भोकं आहेत. तशी नोंद करून घ्या."

त्याने केली.

बंदी उठल्याचा कागद घेऊन ती खाणीवर गेली. चढ मोठा, पायाखाली खडी, सगळं पांढरं. झाडं पांढरी, माणसांच्या भुवया पांढऱ्या. फाटकाशी कुणी बसलेलं नव्हतं. तिला बरं वाटलं. घेतला असेल कामावर.

घेतला होता. कातळाच्या कड्याखाली पाथरवट छिन्नी धरून उभा होता आणि त्याच्या कमरेला दोरी होती. दोरी खडीवरून लोळत वीस-पंचवीस हात मागे आली होती. तिचं दुसरं टोक मुकादमाच्या खुर्चीच्या पायाला बांधलेलं होतं.

"त्यालाच सुचलं हे," मुकादम म्हणाला. "येऊन पाया पडला. म्हटलं, ठीक आहे. भोंगा झाला की मी हिसका देतो. कधी विसरतो, मग पोरं ओरडतात, 'मुकादम, कुत्रं आत घ्या!'" तो हसला, आणि ती हसत नाही हे पाहून म्हणाला, "तोही हसतो हो. वाईट वाटून घेत नाही."

ती दोरीच्या कडेकडेने त्याच्यापर्यंत गेली. सावली पाहून तो वळला. तिने कागद पुढे केला. हात फडक्यांनी बांधलेले होते, म्हणून त्याने तो दोन मनगटांत धरला. अक्षरं त्याला येत नव्हती. त्याची नजर कागदावरून घसरत एका जागी थांबली. एकशे सत्तेचाळीस. त्यापुढे 'खूण होती' असं लिहिलेलं. ते तिने बोट ठेवून दाखवलं आणि ओठ मोठे करून म्हटलं, "होती."

त्याने मान हलवली. त्यात नवं काही नव्हतं. ते त्याला शुक्रवारपासून माहीत होतं, आणि तिलाही.

तो काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलंही. तेवढ्यात भोंगा झाला.

इथून तो चिलटाएवढा नव्हता, छातीत घुसत होता. कड्याखालची माणसं छिन्न्या टाकून पळाली. तिने मागे पाहिलं. मुकादम कुणाशी तरी बोलत पाठमोरा उभा होता, दोरी खडीवर सैल पडलेली. तिने पाथरवटाची बाही पकडली आणि मागे ओढली. दोन्ही हातांनी, जड पोतं ओढावं तशी.

तो हलला नाही. त्याने बाहीवरच्या तिच्या हातांकडे पाहिलं. मग दात लावून आपल्या एका हाताचं फडकं सोडवलं, भाजलेली बोटं मोकळी केली आणि तिची बोटं बाहीवरून एकेक करून काढली. सगळी निघेपर्यंत थांबला. मग स्वतःच दोरी हाताला गुंडाळत, ती जिथे बांधली होती त्या खुर्चीकडे चालू लागला.